पंधरा वर्षांपुढची गाडी: आत येणारे पाणी, गंजणारा पत्रा आणि पैसे घालावेत की नाही

मिऱ्याबंदर:

नमस्कार. आमच्या घरी पेट्रोलवर चालणारी एक छोटी हॅचबॅक आहे. तिची नोंदणी नोव्हेंबर २०१० मधली आहे, म्हणजे येत्या नोव्हेंबरात पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि आरसीचे नूतनीकरण करून घ्यावे लागेल. इंजिन उत्तम आहे, ऑइल खात नाही, आंबा घाटात दमत नाही, आणि वयाच्या मानाने गाडी फारशी धावलेलीही नाही. अडचण पाण्याची आहे. चालकाच्या शेजारच्या सीटपुढे, जिथे पाय ठेवतात तिथे, मॅटखाली सतत ओल असते. पावसाळ्यात गाडी रात्रभर अंगणात उभी राहिली की सकाळी कार्पेट दाबल्यावर पाणी वर येते. मात्र यंदा एप्रिलमध्ये, पावसाचा थेंबही नसताना, त्याच जागी ओल जाणवली होती, आणि ती कशामुळे आली हे कोणालाच सांगता आलेले नाही.

गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा पुढच्या काचेच्या कडेने सगळीकडे सिलिकॉन भरून घ्या, असा सल्ला मिळाला. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाने पायाखालचा पत्रा बघून जी किंमत सांगितली, ती ऐकल्यावर विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. माझे प्रश्न दोन आहेत. पाणी नेमके कुठून येते हे शोधण्याची रीत कोणती? आणि या वयाच्या गाडीवर पैसे घालावेत की नाही, हे कशावरून ठरवावे?

दहाचा पाना:

ताई, पाण्याची वाट सापडेपर्यंत सिलिकॉन अजिबात लावू देऊ नका. बाजारात सहज मिळणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो त्यामुळेच, आणि उघड्या पत्र्यावर हे आम्ल गंज वाढवते. शिवाय आजच्या गाड्यांची पुढची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते, आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नवे पॉलियुरेथेन नीट धरत नाही. म्हणजे उद्या खरोखरच काच काढून बसवायची वेळ आली, तर त्या कामाचाही विचका होतो. सर्वांत मोठा तोटा असा की बाहेरून जागोजागी लेप दिल्यावर मूळ वाट शोधणे अवघड होऊन बसते, कारण पाणी जिथे शिरते तिथेच ते साचेल असे नसते. वर कुठेतरी शिरलेले पाणी पत्र्याच्या जोडांतून आणि वायरींच्या जुडग्यावरून उतरत उतरत सखल जागी येऊन थांबते, आणि आपल्याला दिसते ती फक्त ही शेवटची जागा.

आधी पाणी कोणते आहे ते ओळखा. गाडीत सापडणारे पाणी तीन प्रकारचे असू शकते: पावसाचे, एसीचे किंवा कूलंटचे. पांढरा टिश्यू पेपर ओल्या कार्पेटवर दाबून धरा. कागदावर हिरवी, लाल किंवा निळी छटा आली, बोटाला चिकटपणा लागला, गोडसर वास आला आणि हीटर सुरू केल्यावर काचेच्या आतल्या बाजूने तेलकट धुके धरत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे असे समजावे. चव घेऊन पाहण्याचा प्रकार काही जण करतात, तो कृपया करू नये, कारण कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल तर ते एसीचे किंवा पावसाचे आहे, आणि तुमच्या बाबतीत एप्रिलमधली ओल इथे उपयोगी पडते. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. ते खालच्या पन्हाळीत जमते आणि रबरी नळीने, इंजिन व केबिन यांच्यामधल्या भिंतीतून, रस्त्यावर ठिबकते. कोकणातल्या एप्रिलच्या दमट हवेत एसी लावून पंधरा-वीस मिनिटे गाडी उभी केली, तर खाली पाण्याचे थारोळे दिसायलाच हवे. ते दिसत नसेल आणि आत ओल असेल, तर नळी तुंबली आहे किंवा आतल्या बाजूने निसटली आहे. धूळ, पाल्याचा चुरा, कधी कधी कुंभारमाशीने आणून लावलेली माती एवढ्यानेही ती बंद होते. गाडीखालून मऊ तार हलक्या हाताने फिरवल्यावर बहुतेक वेळा साचलेले पाणी भळकन बाहेर येते. मात्र पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा त्यात सोडू नये, कारण त्या दाबाने नळी आतून सुटते आणि मग डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

राहिले पावसाचे पाणी. वायपरखाली प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली आडवी पन्हाळ असते, आणि पन्हाळीच्या दोन्ही टोकांना चाकांच्या मागच्या बाजूने पाणी खाली सोडणारी भोके असतात. ही भोके बंद झाली की जोराच्या सरीत पन्हाळ भरते, आणि केबिनमध्ये ताजी हवा घेण्याचे जे तोंड तिथेच असते त्यातून पाणी थेट ब्लोअरवर उतरते. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये ब्लोअर आणि कूलिंग कॉइल ही दोन्ही डावीकडेच, ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतात, त्यामुळे एसीचे पाणी काय आणि पावसाचे पाणी काय, दोन्ही एकाच जागी येऊन दिसतात. माझा अंदाज असा आहे की तुमच्या गाडीत दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि म्हणूनच गॅरेजवाल्यांचा गोंधळ उडतो आहे. केबिन फिल्टर काढून पाहा. तो पावसानंतर ओला किंवा चिखलटलेला असेल तर पन्हाळीचे निदान जवळजवळ पक्के झाले. गाडी कोणत्या झाडाखाली उभी असते?

कंदी पेढा:

वरचे निदान योग्य वाटते, पण दरवाजा विसरू नये. दरवाजाच्या आत पाणी जाणे हा दोष नाही. काचेच्या बाहेरच्या बीडिंगमधून थोडे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणारच, हे धरूनच त्याची रचना केलेली असते, आणि म्हणून दरवाजाच्या तळाला भोके ठेवलेली असतात. आतल्या ट्रिमच्या, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणाच्या, मागे प्लास्टिकची एक पातळ शीट काळ्या चिकट पट्टीने लावलेली असते. हे पाणी केबिनकडे न येता तळाच्या भोकांकडे जावे, हेच तिचे काम. पॉवर विंडोची दुरुस्ती किंवा नवे स्पीकर बसवताना ही शीट फाडली जाते आणि ती पुन्हा लावण्याची तसदी कोणी घेत नाही, कारण ट्रिम बसवल्यावर काही दिसत नाही. मग पाणी ट्रिमच्या मागून झिरपून दाराच्या उंबरठ्यावर येते आणि तिथून कार्पेटखाली जाते.

दरवाजा उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर तळाची भोके बुजली आहेत. ती टूथपिकने मोकळी करावीत. शीट फाटली असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्युटाइलच्या पट्टीने चिकटवावे. हे काम घरी होण्यासारखे आहे आणि त्याचा खर्च किरकोळ आहे. गाडीत नंतर काय काय बसवले आहे याचीही एकदा आठवण करा. जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न किंवा ॲम्प्लिफायर यांची वायर आत घेताना कारागीर इंजिनमागच्या भिंतीतला रबरी बूच भोसकतात, आणि पुढे त्या वायरीवरूनच पाणी आत येते.

मिऱ्याबंदर:

दोघांचेही आभार. गाडी चिंचेखाली उभी असते. वायपर आणि जाळी उतरवली तेव्हा डाव्या टोकाला चिंचेच्या पाल्याचा काळा लगदा झालेला दिसला. पाण्याचे भोक कुठे आहे हे हाताने चाचपून शोधावे लागले. केबिन फिल्टर ओला होता आणि त्याला कुजल्याचा वास येत होता. एसी लावून पाहिला, तर गाडीखाली पाणी पडत नव्हते. नळीत तार घातल्यावर पाण्याची धार लागली. म्हणजे दहाचा पाना यांचा दोन वाटांचा अंदाज खरा ठरला. दरवाजाची शीट शाबूत आहे.

त्यानंतर सीट काढून कार्पेट उचलले, आणि आता खरी काळजी वाटते आहे. कार्पेटखालच्या फेल्टमधून (जाड अस्तरातून) अक्षरशः पाणी पिळून निघाले. पत्र्यावर गंज आहे. त्यातला बराचसा वरवरचा वाटतो, पण सीटच्या पुढच्या आडव्या पट्टीजवळ एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबले तर ते आत गेले. पुढे काय करावे?

दर्याकिनारा:

मी अलिबागला असतो, त्यामुळे गंजाशी ओळख जुनी आहे.

फेल्ट गाडीत ठेवूनच वाळवण्याचा प्रयत्न करू नका. वरून कार्पेट दोन दिवसांत कोरडे लागते आणि खालचा फेल्ट महिनाभर ओला राहतो. पत्रा कुजतो तो या खालच्या ओलीने. फेल्ट पूर्ण बाहेर काढून उन्हात टांगावा, आणि वास जात नसेल किंवा त्याचे थर सुटले असतील तर फेकून नवा घ्यावा. कार्पेट उघडे असतानाच त्याखालून जाणाऱ्या वायरींचे जोड तपासा. तांब्यावर हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने ते साफ करून घ्या. जुन्या गाडीत अधूनमधून लागणारे आणि कोणालाही न सापडणारे इलेक्ट्रिकचे दोष पुष्कळदा या ओल्या जोडांतून आणि गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टांतून येतात. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टच्या प्रिटेन्शनरचा असतो. त्याला हात लावण्याआधी बॅटरीची तार सोडून थोडा वेळ थांबावे.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडावा, फॉस्फोरिक आम्ल असलेले रस्ट कन्व्हर्टर लावून ते पुरते वाळू द्यावे, मग इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर आणि शेवटी रंग. स्क्रू ड्रायव्हर जिथे आत गेला तिथे मात्र रसायनाचा उपयोग नाही. तिथला कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. फायबरची पट्टी आणि पुट्टी लावून ती जागा झाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, कारण सीटची पकड ज्या पट्टीवर आहे तिच्या शेजारचा तो पत्रा आहे.

खडखडाट:

एवढे उपद्व्याप कशाला? आम्ही दर मे महिन्यात गाडीखालून काळे रबरी अंडरबॉडी कोटिंग मारून घेतो. आजवर एकदाही गंज दिसलेला नाही.

दर्याकिनारा:

दिसलेला नाही हे मान्य, पण काळ्या जाड थराखाली तो दिसणार तरी कसा? नव्या, स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावर केलेले कोटिंग चांगले काम करते यात शंका नाही. पण जुन्या गाडीवर, प्रेशरने धुतल्यानंतर अर्धवट वाळलेल्या पत्र्यावर, आधीचा गंज न काढता ते फवारले तर ओल आत कोंडली जाते आणि गंज झाकणाखाली निवांत वाढत राहतो. त्यातच फवारणाऱ्याच्या घाईत दरवाजांची आणि खालच्या चॅनेलची (पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांची) पाणी सोडणारी भोकेही बुजतात. किनाऱ्यावरच्या गाडीला त्यापेक्षा उपयोगाचे म्हणजे पावसाळा संपल्यावर खालून साध्या पाण्याने धुणे, चांगल्या उन्हात वाळवणे आणि बंद चॅनेलच्या आत मेणयुक्त तेलाची फवारणी करणे. हे आपल्याकडे फारसे कोणी करत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काहीच नसते.

लेस्टरवासी:

गंज कितपत आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे पाहण्याची इथल्या वार्षिक तपासणीची पद्धत मला उपयोगाची वाटते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी करावी लागते. त्यात सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक अशा भागांच्या पकडीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते, आणि त्याच आकाराचे भोक दूरच्या बिनभाराच्या पत्र्यावर असेल तर ते तितके गंभीर मानले जात नाही. मिऱ्याबंदर यांनी सांगितलेली जागा या नियमाने पाहिली तर दुरुस्ती टाळता येणार नाही. पण एवढी एकच जागा असेल तर गाडी संपली असेही नाही. जॅक लावण्याच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे टेकू, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा आणि पुढच्या चाकांमागचे कोपरे हेही लगे हाथ ठोकून पाहावेत.

दहाचा पाना:

स्टेपनीचा खड्डा हा चांगला मुद्दा आहे. तिथे पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचे रबर आणि छतावरच्या अँटेनाचे बूड या तीन जागा तपासा. छताच्या दोन्ही कडांना जी लांब पट्टी असते, तिच्याखालचा सीलर या वयात तडकतो. शोधताना पाइपने पाणी खालून वर सोडत जावे, एकेका जागी काही मिनिटे थांबावे, आणि आत टॉर्च घेऊन दुसऱ्या माणसाने बसावे. एकदम छतावरून पाणी सोडले तर सगळीकडूनच ओघळते आणि काहीच कळत नाही. संशयाच्या कडेवर आतून टाल्कम पावडर भुरभुरवली तर ओघळाची रेघ स्पष्ट उमटते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गाडी कमी धावली आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण पंधराव्या वर्षी किलोमीटरच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही. इंजिनाचे लोखंड धावण्याने झिजते, तर रबर, द्रव आणि पत्रा वयाने बिघडतात, गाडी उभी असली तरीही. कमी धावलेल्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट किलोमीटर भरले नाहीत म्हणून बदलायचा राहतो, आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, हे आधी पुस्तिकेत पाहून घ्या.

ब्रेकचे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पाणी शोषल्यानंतरच्या चाचणीत हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला गेला आणि ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल थेट तळाला जाते. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे. ब्रेकचे रबरी होज पिळून, वाकवून पाहावेत, आणि भेगा दिसल्या तर चारही बदलावेत. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार पाहा. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नसतो.

आत येणाऱ्या पाण्याइतकीच बाहेर जाणाऱ्या पाण्याचीही दखल घ्यायला हवी. जुन्या गाड्या रस्त्यात बंद पडण्याची जी कारणे मी पाहिली आहेत, त्यांत इंजिन तापणे फार वरचे आहे, आणि त्यामागे बहुधा स्वस्तातले काहीतरी असते: फुगलेला होज, सैल क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला गेलेला तडा, दाब न धरणारे झाकण. वॉटर पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गळू लागले की तिथून ओघळ येतो. तो दिसला की पंप बदलावा, भोक बुजवू नये. कूलंट हळूहळू कमी होत असेल आणि बाहेर कुठेच डाग नसेल, तर रेडिएटरला हातपंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या. तो दाब उतरत असूनही बाहेर थेंब दिसत नसेल तर हीटर किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या हेडखालच्या सीलकडे) वळावे.

दोन सवयींबद्दल मात्र मी भांडायला तयार आहे. पहिली म्हणजे कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरणे. कोकणात पाणी मऊ असल्याचे समर्थन ऐकायला मिळते, पण क्षार कमी असले तरी गंजरोधक द्रव्य त्यात नसतेच, आणि आतून पंपाचे पाते व ॲल्युमिनियमचे हेड खाल्ले जाते. दुसरी म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खपून गेले असेल. पण इंजेक्शनच्या गाडीत इंजिन थंडच आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, सरासरी (लिटरमागचे किलोमीटर) घसरते, ऑइल पातळ होते आणि मूळ दोष तसाच राहतो.

घाटवाट:

ई२० पेट्रोलचा या वयाच्या गाड्यांना कितपत धोका आहे?

दहाचा पाना:

एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉलला टिकतील असे ठेवलेले आहेत, २०१० च्या गाडीबद्दल तसे गृहीत धरता येत नाही. सरासरीत थोडी घट होईल, कारण इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते. माझे लक्ष पेट्रोलच्या रबरी होजवर आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगवर राहील, आणि ती दोन्ही बदलून घेणे फार महाग नाही. इथेनॉल पाणी शोषते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी निम्म्याहून रिकामी ठेवू नये, आणि पेट्रोलच्या झाकणाचे रबर तडकलेले असेल तर बदलावे.

फाइल क्रमांक सात:

नूतनीकरणाबाबत थोडक्यात लिहितो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. महाराष्ट्रात पंधरा वर्षे झाली म्हणून पेट्रोलची खासगी गाडी भंगारात काढावी लागत नाही. तो गैरसमज दिल्लीच्या नियमांवरून आला आहे. अर्ज फॉर्म २५ वर करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांतच करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे आणि उशिराचे दर महिन्याला ५०० रुपये पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील चारचाकीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो, चालू विमा व पीयूसी लागते, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी लागते.

गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. पत्रा कुजलेला किंवा दिवे बंद असलेली गाडी घेऊन जाऊ नका, पासिंगसाठी पुन्हा हेलपाटा पडतो. विम्याबाबत एक सूचना. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा संकेतस्थळावर आपोआप आलेला आकडा मुकाट मान्य करू नये.

मिऱ्याबंदर:

घरात दुसरा मतप्रवाह असा आहे की वेल्डिंग, टायर, शुल्क यांवर खर्च करण्यापेक्षा पाच-सहा वर्षे वापरलेली दुसरी गाडी घ्यावी. तसे केले तर निदान पाण्याची कटकट तरी संपेल.

वाशिष्ठी काठ:

संपेलच असे नाही, ताई. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जो पूर आला त्यात कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ आणि २०२१ असा दोनदा पूर आला. पुरातल्या गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात, आणि पाच-सहा वर्षे वापरलेली म्हणून तुम्ही जी पाहाल ती नेमकी त्या काळातली असेल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, ॲशट्रेमागची खाच, स्टेपनीखालचा पत्रा आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड पाहा. अशा वापरलेल्या गाडीत सगळे कार्पेट एकदम कोरे असेल तर ते का बदलले, हे विचारा. तुमच्या गाडीला निदान काय झाले आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आणि रस्त्यावर पाणी भरले असताना इंजिन बंद पडले तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा नाकारले जाते. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि ते जुन्या गाडीला क्वचितच मिळते.

दहाचा पाना:

माझे मत विचाराल तर निर्णय पत्र्यावरून घ्या. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे सगळे बदलता येते आणि त्याचा खर्च आधी सांगता येतो. सांगाडा अनेक जागी कुजला असेल तर खर्चाला अंत राहत नाही. म्हणून लेस्टरवासी यांनी सांगितलेल्या जागा लिफ्टवर गाडी चढवून ठोकून घ्या. बाकी सगळीकडे आवाज खणखणीत आला तर वेल्डिंग करून गाडी ठेवावी, सस्पेन्शनच्या टेकूंपाशीही टोक आत गेले तर मिळेल त्या किमतीला विकून टाकावी.

मिऱ्याबंदर:

लिफ्टवर सगळे ठोकून पाहिले. आत जाणारी जागा तेवढी एकच आहे, बाकी पत्रा घट्ट आहे. डेंटिंगवाल्याने एका दिवसात पॅच मारून देतो असे सांगितले आहे. त्याच्याकडून कोणती खबरदारी घ्यायला सांगावी?

दहाचा पाना:

कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायला सांगा. कुजक्यावरच नवा तुकडा चढवला तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरेल. तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा असावा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो आणि दूरवरचा रंगही जळतो, त्यामुळे सीओटू वेल्डिंग असलेल्याकडेच काम द्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात, इंजिनाच्या संगणकाचा कनेक्टर काढावा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा, आणि त्या जागेखालून पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी जाते का हे आधी पाहून ती बाजूला बांधावी. फेल्ट, कार्पेट आणि जवळची प्लास्टिकची आवरणे बाहेर असू द्यावीत आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

जोडाला वरून आणि खालून दोन्हीकडून प्रायमर आणि सीम सीलर लावायला सांगा, कारण खालची बाजू हमखास विसरली जाते. फ्लोअरला मूळचे रबरी बूच असतात. ते तडकले असतील तर आताच नवे घ्या, पण भोके कायमची बुजवू नका, पुढे पाणी काढायला ती लागतात. रंग पुरता वाळेपर्यंत कार्पेट घालायची घाई नको. एक-दोन सरी अंगावर घेऊन उघडा पत्रा कोरडा राहतो याची खात्री करा आणि मगच फेल्ट घाला. नूतनीकरणाची मुदत नोव्हेंबरात आहे, तेव्हा परतीच्या पावसात ही परीक्षा करून घेण्याइतका वेळ तुमच्या हाताशी आहे. आणि गाडी चिंचेखालून हलवता येत नसेल तर जाळीखालची पन्हाळ दर पावसाळ्याआधी आणि गणपतीच्या सुमारास एकदा, अशी दोनदा हात घालून साफ करा.